शनवार तेल्याची त्रिपुरी

कार्तिकातली संध्याकाळ. खाडीतल्या भरतीच्या पाण्यावर केशरी साय धरली होती, आणि तिवरांच्या काळसर काठाशी ती हलके हलके विरत चालली होती. वारा असा, की आहे म्हणावं तर पान हलत नाही, नाही म्हणावं तर कानाच्या पाळीला गार लागतो.

त्या केशरात सावरखारच्या रामेश्वराची दीपमाळ उभी होती. कृष्णपाषाणाची, अनेकभुजा, वर्षभर कावळ्यांची कचेरी. आज मात्र न्हाऊनधुऊन, हाताहातावर पणत्या घेऊन, सलज्ज नवरीसारखी. त्रिपुरी पौर्णिमा होती. पणत्या होत्या, वाती होत्या, ठेवणीतली लुगडी नेसून गाव आलं होतं. नव्हतं ते फक्त तेल.

तेल होतं एलोजीकडे. आणि एलोजीकडे शनिवार होता.

एलोजी हा गावचा तेली. जातीने बेने इस्राएल, कोकणातला ज्यू. त्याचे वाडवडील सांगत, की फार फार पूर्वी त्यांच्या लोकांचं गलबत या किनाऱ्याशी फुटलं. पोथ्या बुडाल्या, भाषा बुडाली, मागे राहिलेल्या देशाचा रंगसुद्धा खाऱ्या पाण्यात उतरला. पोहत काठाला लागलं ते एवढंच: प्रार्थनेची एक ओळ आणि शनिवार. म्हणून शनिवारी त्याच्या घरी चूल पेटत नसे, घाणा फिरत नसे, डोळ्यांवरची झापडं उतरवून बैल खुशाल रवंथ करी. उंबऱ्याबाहेर तेलाचा थेंब जात नसे. गाव त्याला शनवार तेली म्हणे. आणि शनिवारी कुणाच्या घरचं तेल संपलंच, तर सासू सुनेला बोलून घेई, एलोजीला नाही.

पण दीपमाळेचं तेल याच घरचं. बापापासून चालत आलेला तो मान. त्रिपुरी शनिवारी पडली तर बाप शुक्रवारीच तेलाचा बुधला देवळात पोचवी. एलोजीनेही पोचवला असता. मात्र या वर्षी पौर्णिमा शनिवारी दुपारी लागत होती आणि रविवारी दुपारी सुटत होती. धाकू गुरव लागायचं विसरला, सुटायचं तेवढं त्याने ध्यानात ठेवलं. "रविवारी दे," म्हणाला. चूक उमगली ती आज, शनिवारचा सूर्य माथ्यावर आल्यावर.

गावच्या खोतांना वाईट वाटलं, पण फार नाही. त्यांच्या मेहुण्याने मुंबईहून रॉकेलचा डबा आणला होता. आणि तो चकचकीत डबा घरात आल्यापासून खोतांना गावात अंधार फारच दिसू लागला होता.

ते स्वतः एलोजीच्या उंबऱ्याशी आले. घर देवळासमोरच, वाटेच्या पलीकडे.

"एलोजी, तू हात लावू नकोस. माझा गडी बुधला उचलील."

"हात कुणाचाही लागो, खोत. तेल माझं ना? शनिवार त्यालाही आहे."

"आणि सुटतो कधी हा तुझा शनिवार?"

"आभाळात तीन चांदण्या दिसल्या, की सुटला."

खोतांनी मिशीवरून बोट फिरवलं. "दिवेलागणीपर्यंत थांबतो. पुढे डबा उघडणार. आणि एकदा उघडला, की दर साली उघडणार."

ते गेले. आतून एलोजीची बायको रिबका म्हणाली, "अहो, तेल नाही गेलं तर मान जाईल."

"आणि गेलं तर काय जाईल?"

कोपऱ्यात बुधला होता. त्याच्या उघड्या तोंडाशी तेल निश्चल, सुवर्णनिश्चल, डोळे मिटून बसलेल्या माणसासारखं.

सूर्य बुडाला. केशराचं तांबडं झालं, तांबड्याचं जांभळं, जांभळ्याचं राखी. डोंगरामागून पूर्णचंद्र वर आला तो बड्या घरच्या जावयासारखा. त्याच्या तोऱ्यापुढे लहानसहान चांदण्यांनी दाराआडूनच पाहावं. त्यात समुद्रावरून एक ढग आला. पातळ, पिंजलेला, आळसावलेला. त्याला कुठेच जायचं नव्हतं.

गाव एलोजीच्या अंगणात लोटलं. माना वर झाल्या.

"ती बघा एक, ताडाच्या शेंड्यावर," चांगुणा कोळीण म्हणाली.

तो काजवा होता. उडाला.

"आणि ती, देवळाच्या मागं."

तो कुणाच्या तरी माडीवरचा कंदील होता. पण तोवर गावाला चटक लागली. इकडे एक दिसली, तिकडे दोन दिसल्या. ज्यांना दिवसाउजेडी स्वतःचा उंबरा दिसत नसे त्यांनाही दिसल्या. अख्खं गाव एकदिलाने, एकसुराने, देवासमोर उभं राहून खोटं बोलत होतं. आणि त्या खोट्याला तुपाचा वास होता.

"झाल्या तीन," चांगुणा म्हणाली. "काढ तेल, एलोजीभाऊ."

एलोजीने वर पाहिलं. ढग होता. "तुम्हाला दिसल्या असतील, चांगुणाबाई. मला दिसू द्या."

"म्हंजे आमचे डोळे फुटले?"

"फुटले नाहीत. माझ्यावर जरा जास्त माया करतात."

अंगणात माना खाली झाल्या. ओशाळ्या, चंद्रप्रकाशात भिजलेल्या. खोतांनी डबा आणवला. दीपमाळेच्या पायथ्याशी तो ठेवून त्यांनी गुरवाला खूण केली.

धाकू गुरव वाती घेऊन पुढे झाला, डब्यापाशी आला, आणि खाली बसला. "चूक माझी हाय, खोत. ह्यातनं मी नाय पेटवायचा."

चांगुणा बसली. तिच्या शेजारच्या बसल्या. लुगडी सळसळली, धोतरं विसावली, ओहोटीने वाळू उघडी पडत जावी तसं ओळीओळीने गाव बसत गेलं. पैलतीरावरच्या गावांच्या दीपमाळा एकेक उजळल्या. पाण्यात सोन्याच्या थरथरत्या शिड्या उतरल्या. अलीकडे अंधार. अलीकडे श्वास. उभे राहिले ते एकटे खोत. एकट्या माणसाला उभं राहायला फार वेळ जमत नाही, मग तो खोत का असेना. जागा उरली नव्हती. ते डब्यावर बसले.

ढग सरकला. एक चांदणी आली, जाईच्या कळीएवढी. पुष्कळ वेळाने दुसरी आली. एलोजीच्या ओठांवर ती एक ओळ हलत होती, अर्थाशिवाय, अंतराशिवाय, आईच्या हाकेसारखी.

तिसरी उमलली तेव्हा ती सगळ्यांनी पाहिली. या वेळी कुणी बोट दाखवलं नाही. सगळे एलोजीकडे पाहत राहिले.

त्याने पाहिली. तो आत गेला, आणि बुधला खांद्यावर घेऊन उंबरा ओलांडून आला. खोतांनी उठून वाट दिली.

पुढे एलोजीची नातवंडं मुंबईला गेली, त्यांची मुलं समुद्रापार. घाण्याच्या लाकडाची कुणाच्या तरी गोठ्यात गव्हाण झाली. शनवार तेली हा शब्दही म्हाताऱ्यांच्या तोंडून दातांबरोबर गळाला. पण त्रिपुरी मंगळवारी येवो, गुरुवारी येवो, सावरखारची दीपमाळ सूर्य बुडताना पेटत नाही. का, ते विचारू नका. आमच्यात असंच असतं, एवढंच सांगतील. पैलतीर झगझगत असतो, पाणी सोनेरी झालेलं असतं, आणि अलीकडे एक गाव, कोरड्या वाती ओंजळीत घेऊन, माना वर करून, चांदण्यांची वाट बघत, वाट बघत, अंधारात निवांत बसलेलं असतं.