टाळ्यांविना

ते १९८६ साल. राजधानी ट्युनिसमधल्या हुशार मुलांच्या निवासी शाळेसाठी नेफ्ता या वाळवंटाकाठच्या गावातली मुलं निवडायचं काम पुन्हा नाजियाकडे आलं होतं. गावात या शिक्षिकेला लहानथोर सगळे ‘आनिस्ती’ म्हणत.

त्यातला ‘पुन्हा’ तिला खुपत होता. दोन वर्षांपूर्वी तिनेच दलेंदाला निवडलं होतं. सगळी शाळा अंगणात उभी केली, नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, बायकांनी जिभा नाचवून आनंदाच्या आरोळ्या दिल्या. केसांत लाल फीत बांधून पोरगी पायरीवर लाजत उभी होती. राजधानीतली शाळा सुरू व्हायच्या आधीच ती तापाने गेली. डॉक्टर मेंदूज्वर म्हणाले, गाव म्हणालं दृष्ट. तिची आई मबरूका हिने दारावरच्या, दृष्ट अडवणाऱ्या निळ्या पंजाला नवा रंग दिला आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून शाळा सुटल्यावर रिकाम्या अंगणात नाजियाला टाळ्या ऐकू येत. खजुराच्या झावळ्या वाजत असतील, असं ती मनाला समजावी. वारा पडलेला असला तरी.

आता तिच्यासमोर दलेंदाची धाकटी बहीण हादिया बसली होती, बाकाच्या एका कडेला. उरलेली जागा तिने कुणासाठी तरी सोडली होती. चित्रांची कोडी होती. ओळीत शोभणारं चित्र बोटाने दाखवायचं. हादिया चुकली. पुढच्यालाही चुकली. चुकतच गेली.

“सोडा हो आनिस्ती,” मुख्याध्यापक सी ब्राहिम दारातून म्हणाले, “घरातलं सगळं तेल थोरल्या दिव्यात संपलं. हा कसला पेटतोय!”

“तुम्ही आधी तुमचा चष्मा शोधा, सी ब्राहिम. कपाळावर आहे.”

ते हसत गेले. नाजिया मुलीच्या बोटाकडे बघतच नव्हती. ती डोळे बघत होती. ते दरवेळी थेट बरोबर चित्रावर जाऊन टेकत. मग पोरगी रिकाम्या जागेकडे मान कलती करी, काही ऐकल्यासारखी, आणि बोट भलतीकडेच पडे.

“कोण सांगतं गं तुला?”

“दलेंदा. म्हणते, बरोबर दाखवलंस तर तुलाही माझ्याकडे यावं लागेल.”

नाजियाने चित्रं गोळा केली.

संध्याकाळी ती हादियाच्या घरी गेली. मबरूकाने तिच्यापुढे चहा ठेवला, पण ‘घ्या’ म्हटलं नाही.

“चुकायला मीच शिकवलंय तिला. एक लेक तुमच्या टाळ्यांना दिली, आनिस्ती. दुसरी मिळायची नाही.”

“आणि ती जन्मभर अशीच चुकत राहिली तर? मग ही तरी कुठे उरली तुला?”

मबरूका हळूच म्हणाली, “खरंच येतं तिला?”

“सगळं.”

आईचा चेहरा उजळला. लगेच घाबरून तिने पाची बोटं पसरून हात पुढे केला. “हळू बोला, बाई! भिंतीपलीकडे माणसं आहेत.” मग पदर सावरत म्हणाली, “न्या. पण नाव पुकारायचं नाही, टाळ्या नकोत. मी सांगेन, पोरगी मठ्ठ निघाली, ट्युनिसला लोकांची भांडी घासायला धाडली.”

उंबऱ्यावरून हादियाने विचारलं, “उम्मी, दलेंदालाही तेच सांगू?”

मबरूकाचा किटलीवरचा हात थांबला. “तिला खरं सांग. ती कुणापाशी बोलायची नाही.”

दुसऱ्या दिवशी दार लावून पुन्हा कोडी घेतली. एकही चुकलं नाही. सी ब्राहिमनी निकालावर चष्म्याशिवायच सही केली.

न पेटणाऱ्या दिव्याचा विनोद सांगत सांगतच ते निवृत्त झाले, आणि वारले. हादिया शिकून जलतज्ज्ञ झाली; सुकत चाललेल्या बागांना पाणी कुठून द्यायचं ते सरकार तिला विचारतं. उत्तर देण्याआधी ती अजून मान जराशी कलती करते. ती गाडीतून गावी आली की मबरूका शेजारणींना सांगे, “मालकिणीची गाडी आहे. चांगली बाई आहे हो, भांडी फुटली तरी रागवत नाही.” मरेपर्यंत तिने हेच सांगितलं.

नाजियाने पुढे कितीतरी मुलं निवडली. प्रत्येकाला तिने दार लावून, कानात सांगितलं. अंगणातल्या टाळ्या थांबल्या नाहीत, पण ती त्यांना झावळ्या म्हणेनाशी झाली. त्या सुरू झाल्या की ती पायरीवरची अर्धी जागा सोडून बसते.