पेशकारांचा शिधा

धाराशिवच्या कचेरीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले विष्णुपंत नाताळाच्या दिवशी पहिल्या एसटीनं नळदुर्गला निघाले, तेव्हा शेजाऱ्यांना त्यांनी किल्ला बघायला चाललोय असं सांगितलं. किल्ला त्यांनी आजवर दहा वेळा तरी पाहिला होता. खरं कारण सांगायची लाज वाटत होती. पंतांना चार माणसांच्या पंगतीला बसून जेवायचं होतं.

बायको, अनसूया, जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा हैदराबादेत. पंत खाणावळीचा डबा भिंतीकडं तोंड करून खायचे. गावात कुणाला श्राद्धाला ब्राह्मण कमी पडला तर बोलावणं यायचं. म्हणजे तेही मेलेल्याच्या नावानं जेवायचं. जिवंत माणूस म्हणून जेवायला बोलावलं ते एकट्या बलभीमनं. बलभीम त्यांचा कचेरीतला जुना चपराशी. त्याच्या बापानं येशूचा धर्म घेतला, पण पोराचं नाव मारुतीचंच राहू दिलं, आणि त्यात ना येशूची काही तक्रार आली ना मारुतीची. पंतांच्या हाताखाली बलभीमनं वीस वर्षं काढली, आणि वीस वर्षांत त्यांच्या तांब्याला कधी हात लावला नाही. तसा हुकूम कुणी काढला नव्हता. असले हुकूम काढावे लागत नाहीत.

नळदुर्गपासून कोसभर चालून पंत बलभीमच्या वस्तीवर पोचले. तिथले ख्रिस्ती लोक आपल्या प्रार्थनाघराला देऊळच म्हणत. पत्र्याच्या छपराचं, भिंतींना नुकताच चुना दिलेलं. पंत सतरंजीवर बसले. पाळकांचा उपदेश त्यांना जरा लांबल्यासारखा वाटला. मग मृदंगावर थाप पडली आणि भजन सुरू झालं. चाल ओळखीची होती. शेजारच्यानं न विचारता टाळ त्यांच्या हातात दिले आणि पंतांनी ते वाजवले. दुसऱ्या भजनाला तर ते सगळ्यांच्या वर सूर लावून गात होते. कुणी वळून पाहिलंसुद्धा नाही, हे त्यांना फार आवडलं.

भजन संपलं, मांडवात पत्रावळी पडल्या. पुरणाच्या पोळ्या, येळवणी, भात, कुरडया. पंत धोतर सावरून बसणार, तोच बलभीम आडवा आला.

"हितं नगं, सायेब. तुमची सोय तिकडं केलीया."

लिंबाखाली जागा सारवून ठेवली होती. तीन दगडांची चूल, कोरी भांडी, तांदूळ, डाळ, कणीक, गूळ, द्रोणात तूप. पाण्याची घागर नळदुर्गच्या कल्याणप्पा वाण्यानं स्वतः भरून आणली होती.

"आमचा कुणाचाबी हात लागलेला न्हाय," बलभीम म्हणाला. चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता. चार दिवस खपल्याशिवाय एवढी सोय होत नाही, हे पंतांनाही दिसत होतं. ते जाऊन चुलीपुढं बसले.

म्हणजे एवढा प्रवास करून पंत आले ते एकट्यानं जेवायला. त्यातून त्यांना चूल पेटवता येत नव्हती. जन्मात कधी पेटवली नव्हती. नाकातोंडात धूर गेला. भात खाली लागला आणि वर कच्चा राहिला. मांडवात कुणीतरी कुणाची तरी चेष्टा करत होतं आणि बाकीचे हसत होते. पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आलं असं सांगावं, तर विचारायला कुणी नव्हतं.

आयुष्यभर लोक त्यांच्या टेबलापुढं अर्ज धरून उभे राहिले होते. अर्ज करणाऱ्याचे पाय कसे जड होतात, ते त्यांना लिंबापासून मांडवापर्यंतच्या तीस पावलांत कळलं.

"मलाही पान मांडा," ते म्हणाले.

वाढणारे हात थांबले. बलभीमची बायको मथुराबाई पोळ्यांची पाटी घेऊन उभी होती. "आमच्या हातचं?"

"तुमच्याच हातचं."

"अन् उद्या तुमच्या लोकांत तुमास्नी पंगतीला कोण घेईल?"

"आज तरी कोण घेतंय, बाई?"

बलभीमचा चेहरा उतरला. "माजं काय चुकलं का, सायेब?"

"तुझं नाही. माझं चुकलंय. अन् ते आजचं नाही."

मथुराबाईनं नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि पंगतीच्या टोकाला, आपल्या सासूशेजारी, पत्रावळ टाकली. सासू कडूबाई नव्वदीला टेकलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कुणीतरी खेटून बसलं, एवढंच तिला कळलं.

"सरक की रं मुडद्या!" ती खेकसली. "म्हातारीची मांडी मोडतूस का?"

बलभीमनं कपाळावर हात मारून घेतला. आई वारल्यापासून विष्णुपंतांना कुणी एकेरीत हाक मारली नव्हती.

"सरकतो, आजी," ते म्हणाले, आणि सरकले.