दोन वाघिणींमधली जागा

सहा वर्षं ती एकाच प्रश्नामागे लागली होती, आणि तो प्रश्न इतका साधा होता की कुणाला सांगायला जावं तर समोरचा म्हणे, एवढंच? मालगाडीची लांबी ठरलेली असते. समोरून दुसरी गाडी आली की मालगाडीला बाजूच्या लाइनीवर काढून उभी करतात. ती लाइन जेवढी लांब तेवढीच गाडी, वर हातभरही नाही. त्या लांबीत पंचेचाळीस वाघिणी, म्हणजे मालडबे, बसत आणि एकेका वाघिणीवर एकेक मोठा कंटेनर. वरिष्ठांना सेहेचाळिसावी वाघीण हवी होती. लाइन वाढणार नव्हती, कंटेनर आखूड होणार नव्हता. मग कापायला उरलं काय, तर दोन वाघिणींमधलं मोकळं अंतर.

ते तिनं चाळीस सेंटिमीटरनं कमी केलं. सांगायला एक वाक्य, करायला सहा वर्षं. जोडणीचा दांडा आखूड केला, म्हणून झटके सोसणारी स्प्रिंगची पेटी बदलावी लागली. पेटी बदलली म्हणून टोकाची तुळई बदलली. वळणावर वाघिणींचे कोपरे एकमेकांना घासायला लागले, म्हणून कोपरे छाटले. कोपरे छाटल्यावर कंटेनर अडकवायच्या खुंट्या सरकवाव्या लागल्या, आणि खुंट्या सरकवल्यावर पुन्हा तुळईपासून सुरुवात. शेवटी हिशेब जमला. चव्वेचाळीस फटी, प्रत्येकी चाळीस सेंटिमीटर, म्हणजे साडेसतरा मीटरच्या वर. वाघीण जोडणीसकट पावणेचौदा मीटरची. बसत होती.

या सहा वर्षांत तिच्या चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि नवरा गेला. ऑफिसात तिच्या माघारी तिला ‘मोजपट्टी’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही तिला दिसत नसे. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. हे एकदा हातावेगळं झालं की पाठ टेकायची, एवढीच आता तिची इच्छा होती.

चाचणीला पाच नव्या वाघिणी यार्डात उभ्या केल्या होत्या. लाल रंग इतका ताजा की बोट लावलं तर डाग पडत होता. वारं थंड होतं. ऑफिसचे मुख्य आले होते, त्यांच्यासोबत आणखी चारसहा जण, सगळे हात खिशात घालून. तिच्या हातात यादी होती. वजन, ब्रेक, वळण, कंटेनर चढवणं, उतरवणं. एकेका ओळीसमोर ती बरोबरची खूण करत गेली. एकतिसावी ओळ होती: जोडणीवाला आत जाऊन ब्रेकची नळी जोडू शकतो.

जोडणीवाल्याला सगळं यार्ड पहिलवान म्हणे. तो जन्मात कधी आखाड्यात उतरला नव्हता. खांद्यांमुळे नाव पडलं होतं. दोन वाघिणींच्या मध्ये शिरायचं, वाकायचं, दोन्हीकडून लोंबणाऱ्या हवेच्या जाड नळ्या एकमेकींत अडकवायच्या आणि बाहेर यायचं, हे काम तो बावीस वर्षं करत होता. त्यानं त्या फटीकडे पाहिलं. मग टोपी काढून खिशात घातली, अंग आडवं केलं आणि आत गेला. आतून धातूवर धातू आपटल्याचा आवाज आला, हवा सुटल्याचा आवाज आला, आणि मिनिटाभरात तो बाहेर आला.

“झालं?” मुख्यांनी विचारलं.

“झालं, साहेब.”

तिनं खूण केली. उरलेल्या तीन ओळीही भराभर उरकल्या. मुख्य हसले, कुणीतरी चहाचं नाव काढलं, आणि घोळका ऑफिसकडे वळला. ती कागद आवरत मागे राहिली. पहिलवान कोटाची बाही वर करून काखेत बघत होता. शिवण वीतभर उसवली होती.

“आमच्या वाघिणीनं फाडला का?” तिनं विचारलं.

“जुनाच आहे, मॅडम. जायचाच होता.”

“द्या इकडे. माझ्या सासूबाई शिवून देतील. उद्या-परवा पाठवते.”

तो नको नको म्हणत होता, पण थंडीचे दिवस, कोट एकच, आणि घरी सुई धरणारं कुणी नसावं. खोलीत दुसरं जॅकेट आहे म्हणाला आणि कोटाची घडी करून त्यानं तो दिला.

सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. चाळीस वर्षं त्यांनी शिवणाचं दुकान चालवलं होतं, आणि मुलगा गेल्यावर सून आणि त्या अशा दोघीच त्या तीन खोल्यांत राहत होत्या. फार गोडीगुलाबी नव्हती आणि भांडणंही नव्हती. दोघी एकमेकींना सरावल्या होत्या. संध्याकाळी तिनं कोट त्यांच्यापुढे ठेवला आणि खुर्चीत बसून डोळे मिटले.

“आज झालं एकदाचं, आई,” ती म्हणाली. “पास झाल्या पाचही.”

“बरं झालं.” सासूबाईंनी कोट उलटा केला, सुलटा केला, खिडकीजवळ नेला. काखेतल्या उसवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “हा माणूस कशात अडकला होता गं?”

“अडकला नव्हता. आत जाऊन काम करून बाहेर आला.”

“पुढंही लाल, मागंही लाल.” त्यांनी कोट वर धरला. छातीवर रंगाचा आडवा पट्टा होता आणि पाठीवर तसाच दुसरा. “भिंतीला पाठ घासली तर एका अंगाला डाग पडतो. हा दोन्हीकडून दाबलाय. आणि काखेतली शिवण अशी कधी उसवते माहितेय? हात वर अडकलेला असला आणि माणसाला खाली वाकायचं असलं की. मी चाळीस वर्षं काखा शिवल्यात, मला नको सांगूस.”

“जागा पुरेशी आहे, आई. कोष्टकात बघून ठेवलीय. माणसाची छाती किती, खांदा किती, सगळं असतं त्यात.”

“उघड्या माणसाची ना? श्वास सोडून उभ्या राहिलेल्या?”

सासूबाईंनी सुईत दोरा ओवला. त्याला त्यांना अजून चष्मा लागत नसे. “असं माप घेऊन मी कुणाचा सदरा शिवला असता तर गिऱ्हाईक दुकानातच गुदमरलं असतं,” त्या म्हणाल्या, आणि टाके घालायला लागल्या.

तिला राग आला. सासूबाईंचा नव्हे. तिला ते तिथंच दिसलं होतं. टोपी काढताना दिसलं होतं, अंग आडवं करण्याआधी त्यानं सोडलेला लांब श्वास दिसला होता, छातीवरचा रंगही दिसला होता. दिसलं होतं, आणि एक उसवलेली शिवण म्हणून तिनं ते घरी आणलं होतं. कारण ती दमली होती, आणि एकतिसाव्या ओळीनंतर यादीत फक्त तीन ओळी उरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात न जाता सरळ यार्डात गेली. पहिलवान पत्र्याच्या खोलीत स्टोव्हजवळ बसला होता. तिनं कोट दिला. त्यानं शिवण बघून मान हलवली, बाजारात असं काम मिळत नाही म्हणाला.

“मला एक खरं सांगा,” ती म्हणाली. “काल आत त्रास झाला का?”

“झाला.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही विचारलं, आत जाता येतं का. आलं.” तो स्टोव्हकडे बघत होता. “बाहेर येतानाचं कुणी विचारलं नाही. आणि एवढे साहेब उभे. सगळ्यांचे चेहरे असे, की बाबा रे, हो म्हण. तुमचा पण.”

ती म्हणाली, “तो कोट जरा परत द्या. मला आत जायचंय.”

तो आधी हसला, मग हसायचा थांबला. ती अंगानं बारीक होती. तिनं स्वतःच्या स्वेटरवर त्याचा तो जाड कोट चढवला, हातमोजे घातले आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाघिणीच्या मध्ये आडवी शिरली. शिरणं सोपं गेलं. दोन पावलं आत गेल्यावर नळ्या होत्या, गुडघ्याच्या पातळीला. ती वाकली आणि कपाळ समोरच्या तुळईला लागलं. मान वळवली तर चष्मा सरकला. एक हात खाली पोचत होता, दुसरा कोपरातून अडला होता. पाय कुठं आहेत ते दिसत नव्हतं. ही तुळई तिनं स्वतः काढली होती, चार वेळा, आणि तिची प्रत्येक कड तिला पाठ होती. आता ती छातीला टेकली होती आणि दुसरी पाठीला, आणि पूर्ण श्वास घ्यायला जागा नव्हती. वाकल्यावर उभं राहता येईना. घाबरायचं नाही, असं ती स्वतःला सांगत राहिली.

“डावा हात द्या,” बाहेरून आवाज आला. “मान खाली. आता श्वास सोडा. सगळा सोडा.”

त्यानं मनगटाला धरून तिला बाहेर काढलं. ती रुळाशेजारच्या खडीवरच बसली. तो शेजारी उकिडवा बसला आणि तिचा चष्मा त्यानं आपल्या सदऱ्याला पुसून दिला.

“ह्या पाचच होत्या,” तो म्हणाला. “गाडी म्हणजे चव्वेचाळीस फटी. पावसात, अंधारात, घाईत. एखादा नवा माणूस आत असला आणि तिकडून इंजिन जरासं हललं, तर पूर्वी माणूस उडी मारून निघायचा. इथून निघणार नाही.”

“हं,” ती म्हणाली.

“तुम्ही लिहिलंच असेल आता, पास म्हणून.”

“लिहिलंय. खोडते.”

मुख्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, दोन्ही हात टेबलावर ठेवून. मग म्हणाले, “बाई, सहा वर्षं. मी वर कळवूनसुद्धा टाकलं.”

“माहिती आहे.”

“चाळीसच्या जागी वीस केलं तर? माणूस मावेल?”

“माणूस मावेल. सेहेचाळिसावी वाघीण मावणार नाही.”

“नळ्या बाजूला आणता येणार नाहीत? आत शिरायलाच नको.”

“वळणावर ताणून तुटतात. तिसऱ्या वर्षी करून बघितलं.”

ते खिडकीबाहेर बघायला लागले. “चौदा महिन्यांनी तुम्ही सुटाल,” ते हळूच म्हणाले. “मला अजून चार वर्षं ऐकून घ्यायचंय.” त्यात टोमणा नव्हता, तेही दमले होते.

तीन दिवस ती टेबलाशी नुसती बसून राहिली. काहीतरी खरडायची, चुरगाळायची. चौथ्या दिवशी तिनं कपाटातून पहिल्या वर्षीची फाइल काढली. तेव्हा तिनं सुचवलं होतं की पाचपाच वाघिणींचा एक संच करावा. संचाच्या आत वाघिणी कायमच्या जोडलेल्या, नळीऐवजी पक्का पाइप आणि लवचीक सांधा, जो फक्त वर्कशॉपमध्ये खोलायचा. म्हणजे आतल्या फटींत यार्डातल्या माणसाला जायचं कारणच नाही. तिथं चाळीस सेंटिमीटर कापा. संच आणि संच यांच्यामध्ये मात्र जुनं अंतर तसंच ठेवायचं. तेव्हा दुरुस्तीप्रमुखांनी ते एका वाक्यात उडवलं होतं: एक बिघडली तर माझ्या पाच उभ्या राहतील. ती तरुण नव्हती तेव्हाही, पण भांडायला घाबरली होती, आणि अवघड वाट धरून बसली होती.

तिनं पुन्हा आकडे मांडले. नऊ संच, प्रत्येकात चार फटी, छत्तीस. छत्तीस गुणिले चाळीस सेंटिमीटर, चौदा मीटर चाळीस. सेहेचाळिसावी, एकटी सुटी वाघीण, जेमतेम बसत होती. वर पाऊण मीटरही उरत नव्हता. तिनं तीनदा तपासलं. आनंद असा झाला नाही. सहा वर्षांतली निम्मी चित्रं रद्द, हेच आधी मनात आलं.

बैठकीत दुरुस्तीप्रमुख पुन्हा तेच वाक्य बोलले, शब्दही तेच. या वेळी तिनं वाद घातला नाही. म्हणाली, “खरंय, तुमच्या पाच उभ्या राहतील. त्रास तुम्हालाच होणार. मी एवढंच म्हणते, चला माझ्यासोबत यार्डात आणि एकदा त्या फटीत वाका. मग सांगा, कुणाला त्रास झालेला बरा.”

ते अंगानं पहिलवानाच्या दीडपट होते. खोलीत कुणीतरी खोकलं. दुरुस्तीप्रमुखांनी पाण्याचा ग्लास उचलला, अर्धा प्यायले आणि म्हणाले, “मला सुटे संच जास्तीचे लागतील. निदान दोन.”

“लिहून घ्या,” मुख्य म्हणाले.

मंजुरी मिळाली ती अशी, कुरकुरत. नव्यानं चित्रं काढायला दीड वर्ष धरलं होतं. म्हणजे पहिली गाडी सुटेल तेव्हा ती ऑफिसात नसणार. हे सगळ्यांना कळत होतं.

सासूबाईंना तिनं सांगितलं तेव्हा त्या वाटाणे सोलत होत्या. “म्हणजे सगळं उसवून परत शिवायचं,” त्या म्हणाल्या.

“सगळं नाही. अर्धं.”

“अर्धं उसवायला जास्त वेळ लागतो. सगळं असलं की कात्री मारता येते.” त्यांनी सोलायच्या शेंगांतल्या निम्म्या तिच्याकडे सरकवल्या. “तुझ्याच्यानं होईल का?”

“बहुतेक नाही. मागची पोरगी पुरं करेल, माझ्या हाताखालची. हुशार आहे. तिला सगळं समजावून द्यायला वर्ष पुरेल.”

पुढच्या आठवड्यात ती पहिलवानाला मुद्दाम भेटली, संचाचं चित्र घेऊन. त्यानं ते आडवं धरून, उभं धरून बघितलं, बोटानं फटी मोजल्या.

“इथं जायचं नाही,” त्यानं आतल्या फटीवर बोट ठेवलं.

“नाही. तिथं पाटी लागेल, आणि आडवी जाळी.”

“जाळी पक्की लावा. पाटी कुणी वाचत नाही.” त्यानं बोट सगळ्या संचावरून फिरवलं. “आणि पाचातली एक बिघडली तर?”

“पाचही उभ्या.”

“मग दुरुस्तीवाले शिव्या घालतील तुम्हाला.”

“घालतायत आधीपासून.”

त्यानं चित्राची नीट घडी केली आणि परत दिली. ती ऑफिसात आली. खुर्ची ओढली, हाताखालच्या मुलीला शेजारी बसवलं आणि म्हणाली, “तुळईपासून सुरू करू. कोपरे राहू दे, कोपरे चालतील.” मुलीनं पेन्सिल घेतली. बाईंना जांभई आली. ती त्यांनी लपवली नाही.