बाहेरची कडी

लोणावळ्यातल्या आमच्या बंगल्यात शनिवार उजाडला की घरची माणसे पाहुणी होतात आणि पाहुणे मालक. यशोधनदादाने बंगला सुट्टीच्या दिवशी भाड्याने द्यायला सुरुवात केल्यापासून आम्ही दोन दिवस स्वयंपाकघरामागच्या खोलीत सरकतो. सासर कायमचे सोडून मी परतले तेव्हा वरची खोली मला मिळाली. म्हणजे सोमवार ते शुक्रवार मिळाली. सोमवारी वर जावे तर उशीला परके अत्तर आणि पुस्तकांच्या पानांत वेफर्सचा चुरा.

त्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. मागे एका पाहुण्यांच्या मुलाने ती लावून घेतली आणि दार मोडून उघडावे लागले, म्हणून दादाने ती काढूनच टाकली होती. मला ती पुन्हा हवी होती. सुतार बोलावला असता तर दादाची परवानगी लागली असती. स्वतःचे ड्रिल असले की प्रश्न मिटला, असे वाटून मी बाजारात निघाले, तर दादाच गाडी काढून सोबत आला.

हार्डवेअरच्या दुकानात राजेंद्रशेठांनी काउंटरवर एक छोटे ड्रिल ठेवले. "घरासाठी ना ताई? मग बारा व्होल्ट पुरे. ही रिंग फिरवून ठेवायची. स्क्रू बसला की मशीन आपोआप थांबतं."

मी ते हातात घेतले. कुठे थांबायचे हे आधीच ठरवून देता येईल अशी वस्तू आमच्या घरात आजवर आलीच नव्हती.

"खेळणं आहे हे," दादा म्हणाला. "शेठ, तो मोठा सेट काढा. ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर. बंगल्याला शोभला पाहिजे."

"इम्पॅक्टला दम आहे. गंजलेला स्क्रूही ओढून काढील. फक्त बारीक स्क्रूला लावू नका, डोकं खाऊन टाकतं."

"आमच्याकडे ती सवय आधीपासून आहे," मी म्हणाले. शेठ हसले, दादा हसला नाही. मी निवडलेली पितळी कडी पाहून त्याने विचारले, "ही कशाला? चोर येणारेत?"

"चोर कळवून येत नाहीत दादा. तुझे पाहुणे कळवून येतात."

शेवटी त्याचाच सेट घरी आला.

शनिवारी दुपारी वडगावच्या शाळेत शिकवून मी परतले, तेव्हा कडी बसलेली होती. दाराच्या बाहेरून. तिला कुलूप होते आणि किल्ली खाली स्वयंपाकघरात, इतर खोल्यांच्या किल्ल्यांच्या रांगेत.

"तुझं काम करून टाकलं बघ," दादा म्हणाला. "आतून लावून कुणी बसलं तर पुन्हा दार मोडायचं का? बाहेरून बरी. लागेल तेव्हा उघडता येते."

"कुणाला लागेल तेव्हा?"

आई मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "अपू, दोनच दिवसांचा तर प्रश्न असतो बाळा."

"दोनच दिवस, आई. दर आठवड्याला."

मी किल्ली आणि ड्रिलचा सेट घेऊन वर गेले, कडी उतरवायला. पण दादाने बारीक पितळी स्क्रूंना इम्पॅक्टच लावला होता. त्यांच्या खाचा पुसून गुळगुळीत वाट्या झाल्या होत्या. बिट घसरत राहिले, बोटांवर पिवळा भुगा साचला, स्क्रू मात्र हलेनात.

मग माझी नजर बिजागऱ्यांकडे गेली. कित्येक पावसाळ्यांनी गंजवलेले जाड लोखंडी स्क्रू. कुलूप काढून मी दार उघडले आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर उचलला. तो टकटकत थडथडला, पण माझे मनगट पिरगळले नाही. एकेक स्क्रू लाल धूळ सांडत बाहेर आला. दार माझ्या खांद्यावर कलले. मी ते कसेबसे भिंतीला टेकवले.

दादा धावत वर आला. "वेड लागलंय का तुला? लोक खंडाळ्यापर्यंत आलेत! आता ही खोली कुणाला देऊ?"

"कुणालाच नाही," मी म्हणाले. "शेठ खरं बोलले. दम आहे यात."

तो शिव्या गिळत खाली गेला. टेकवलेल्या दारावर कडी शाबूत होती, चकाकत होती. आज मी माझ्याच पलंगावर झोपणार होते, आणि जिन्याने चढणारा प्रत्येक परका माणूस मला झोपलेली पाहणार होता. बॅटरी उतरत आली होती. मी ती चार्जरला लावली आणि उघड्या चौकटीकडे पाठ करून बसले.