शेवग्यावरचा पोपट

चपला हातात धरून शुभांगी मागच्या दाराने पुन्हा घरात शिरली. दवाखान्याचं आयकार्ड खुंटीवरच राहिलं होतं आणि राहुरीच्या एसटीला जेमतेम दहा मिनिटं उरली होती. सम्राटने पाहिलं तर झालंच कल्याण! ती नोकरीला लागली त्या दिवशी चार वर्षांच्या त्या पोराने रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि शुभांगीही देवळालीच्या स्टँडपासून एसटीत सगळ्यांदेखत डोळे पुसतच गेली होती; घरी येऊन तिने ते सांगितलंही होतं. तेव्हापासून सासूबाई, विमलबाई, त्याला रोज शेवग्यावरचा पोपट दाखवायच्या आणि तेवढ्यात ही मागून सटकायची.

विमलबाई अंगणात भांडी घासत होत्या. बाहेरच्या खोलीत सम्राट एकटाच खेळत होता. शुभांगी दाराआड थबकली.

सोंड तुटलेला हत्ती टेम्पोत बसला होता. कापडी कुत्र्याच्या पिल्लाचं तोंड सम्राटने खिडकीकडे करून ठेवलं होतं.

“त्यो बग पोपट!” तो आजीच्या आवाजात म्हणाला. टेम्पो हळूच खाटेखाली गेला. मग पिल्लाच्या कानाशी वाकून तो आपल्या आवाजात सांगू लागला.

“तिथं पोपट न्हाईच. पन आपन बगायचं. आपन रडलो का मम्मी बी रडती. मंग तिला गाडीत समदे बगत्यात.”

शुभांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस आपण पोराला फसवतोय, असंच ती समजत होती.

तिच्या हातातली चप्पल निसटली. सम्राटने वळून पाहिलं. मग तो झटकन खिडकीकडे वळला आणि मोठ्याने म्हणाला,

“आजी, पोपट कुठंय?”

शुभांगी त्याच्यासमोर जाऊन बसली.

“सम्राट, माझ्याकडं बघ. मी कामाला चाललेय. अंधार पडायच्या आत येते.”

त्याने तिचे डोळे नीट निरखून पाहिले.

“रडनार न्हाई ना?”

“न्हाई रे.”

हे मात्र ती खोटंच बोलली.

एसटी आता चुकणार होती. आयकार्ड गळ्यात घालून ती पुढच्या दाराने निघाली. फाटकाशी पोचल्यावर तिने मागे वळून पाहिलं. ओठ घट्ट मिटून सम्राट हात हलवत होता. शेजारी उंबऱ्यावर त्याने पिल्लू आणून बसवलं होतं, तोंड रस्त्याकडे करून.