रोलरच्या आधी माझी परीक्षा

मी एक पोलादाची चकती बोलतेय. मुठीत मावेन एवढीच आहे, पण मूर्ती लहान आणि कीर्ती महान असं माझं मीच म्हणते. दुसरं कोण म्हणणार?

माझा जन्म लेथवर झाला. एका लांब गजाचे काकडीसारखे काप केले, त्यातली मी एक. बहिणींबरोबर बरेच दिवस डब्यात पडून होते. "आपल्याला मोठ्या कामाला जायचंय," असं आम्ही एकमेकींना सांगायचो. आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं, ती गोष्ट वेगळी!

आमच्या कारखान्यात झिजलेल्या यंत्रभागांना नवी कातडी चढवतात. प्लाझ्माच्या बंदुकीतून धगधगता झोत निघतो. त्यात आधी धातूची आणि मग सिरॅमिकची पूड सोडतात. ती वितळून भागावर आदळते आणि तिचा थर बसतो. थर घट्ट बसला का, हे ओढून पाहायचं तर भागाचीच वाट लागेल. म्हणून शेजारी माझ्यासारखी चकती बांधतात. त्याला जे होईल ते तिलाही. पुढची ओढाताण मात्र तिच्या एकटीची. थोरामोठ्यांच्या शेजारी राहिलं की असंच व्हायचं.

एके दिवशी कागद गिरणीचा रोलर आला आणि डब्यातून माझी निवड झाली. बंदूक पहिल्यांदाच मालकांच्या पुतणीकडे होती. तिला सगळे ठिणगी म्हणत. काकांनी तिला बजावलं होतं, "थर सुटला तर बंदूक विसरायची. ऑफिसात बसून फोन घ्यायचे." पोरीचा जीव त्या बंदुकीत अडकलेला. तिचा उतरलेला चेहरा बघून मलाच वाईट वाटलं.

गुळगुळीत अंगावर थर धरत नाही. म्हणून तिनं टोकदार कणांचा मारा करून रोलरला आणि मला खरखरीत केलं. अशा अंगाला उघडा हात लावायचा नसतो. हाताचं तेल लागलं की थर पापुद्र्यासारखा सुटतो. आणि नेमका तेव्हाच गिरणीचा फोरमन आत आला. नातवाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यानं रोलरवरून प्रेमानं हात फिरवला.

"थांबा सगळे!" ठिणगी ओरडली. "पुन्हा पुसायचं, पुन्हा मारा करायचा."

"अगं, दारात गाडी उभी आहे," काका वैतागले. "एवढंसं बोट लागलं तर काय आभाळ कोसळतंय?"

"बोट नाही काका, अख्खा पंजा फिरलाय. उद्या थर सुटला की माझ्याच नावानं खडे फोडाल."

फोरमन ओशाळला. "माझंच चुकलं, ताई. गाडी थांबवतो मी."

काका पुटपुटत चहाला निघून गेले.

मला कुणी हात लावला नव्हता, तरी मीही पुन्हा मार खाल्ला. नियम म्हणजे नियम. मग ठिणगीनं कानांवर जाड झाकणं चढवली, काचेपलीकडून कळ दाबली आणि बंदूक गरजली. गुदगुल्या झाल्या म्हणेन तर खोटं ठरेल, चांगले चटके बसले! पण पांढराशुभ्र अंगरखा चढल्यावर मी अशी काही मिरवले की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी माझ्या थरावर जालीम गोंदानं दुसरी चकती चिकटवली आणि यंत्रानं आम्हा दोघींना दोन बाजूंना ओढलं. काटा चढत होता. काका काट्याकडे बघत होते आणि ठिणगी माझ्याकडे. मीही जीव मुठीत धरला, मूठ नसताना. कडकन आवाज झाला. ठिणगीनं डोळे मिटून घेतले.

काकांनीच मला उचलून उजेडात धरलं. "गोंद तुटलाय," ते म्हणाले. "थर जागचा हललेला नाही." मग ते ठिणगीकडे वळले. "उद्या पंपाचा दांडा येतोय. तूच कर. मला विचारत बसू नकोस."

ठिणगी एकाच वेळी हसली आणि रडली. मलाही भरून आलं.

आता मी बंदुकीच्या खोलीच्या खिडकीत असते. रोलर तिकडे गिरणीत फिरत असेल, त्याला माझी आठवणही नसेल. नसू दे! तुम्हाला मात्र एक विनंती. मोठ्या कामाच्या कडेला असं कुणी चिमुकलं पडलेलं दिसलं, तर भंगारात टाकण्याआधी त्याची जरा विचारपूस करा. त्या रोलरला कुणी ओढून पाहिलं नाही, कारण त्याच्या वाटणीचं मी सोसलं. आणि सुटले नाही.