वैजनाथाची लाथ

वैजनाथ जन्मला तोच पायाकडून. पायाळू माणसाच्या लाथेनं उसण जाते, म्हणून भोकरच्या बाजूची दहा-पंधरा गावं कंबर धरून त्याच्या दाराशी यायची. चाळीस वर्षं लाथा घालून गडी एवढं शिकला होता की सगळ्या कंबरा एक नसतात. ओझं उचलून भरलेली उसण चार-आठ दिवसांत आपली आपणच जाते. लाथेचं निव्वळ नाव. मुतखड्याचा माणूस एका जागी ठरत नाही, तळमळतो. सकाळी आखडून काम करता करता सैल होते ती कंबर वाताची. अन् कळ ढुंगणातून पोटरीत उतरली तर समजायचं नस दबली, तिथं पाय लावायचा नाही. अशाला तो हळूच दवाखान्याची वाट दाखवायचा. पण उघड बोलायची सोय नव्हती. देवपण एकदा अंगाला चिकटलं की धुऊन निघत नाही, बाबा.

अन् नेमकी त्याचीच बायको, कस्तुराबाई, सोयाबीनचं पोतं उचलताना मटकन खाली बसली. कळ पोटरीपर्यंत जाते म्हणाली. वैजनाथानं दवाखान्याचं नाव काढताच त्याची आई मनकर्णाबाई कडाडली.

"गावाला गुण येतो अन् घरच्या बाईला दवाखाना? लोक शेण घालतील तोंडात."

अंगणात शेजारपाजार जमलाच होता. त्यानं डोळे मिटून हलकी लाथ घातली. दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई त्याच्या कानाशी म्हणाली, की पाय बधिर पडलाय, जड जड लागतोय. त्यानं ऐकलं. आई लोकांना घेऊन उंबऱ्यापाशी उभी होती. त्यानं पुन्हा लाथ घातली. भित्रा होता, दुसरं काय म्हणायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती रडकुंडीला आली होती. "मांडीमधी काईच कळत न्हाई. लुगडं ओलं व्हऊन राहिलं, मला पत्ता बी लागत न्हाई."

मग मात्र त्यानं कुणाचं ऐकलं नाही. जीपगाडी बोलावली अन् तडक नांदेड गाठलं. दुपारीच मणक्याचं ऑपरेशन झालं. पाय वाचतील, लघवीचं आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पाय बधिर पडला तेव्हाच का आणलं नाही, म्हणून चिडले. वैजनाथानं तोंड उघडलं, तोवर खाटेवरून कस्तुराबाईच बोलली.

"म्या कुणाला सांगितलंच न्हाई, सायेब. लाज वाटली."

गावात उलटंच झालं. वैजनाथानं नुसत्या नजरेनं दुखणं ओळखलं, म्हणून बायको वाचली, असा बोभाटा झाला. आता किनवटपासनं लोक येतात. खरं सांगावं तर बायको खोटी पडते, न सांगावं तर घास गिळवत नाही.

परवा तिघंजण लाथेसाठी उंबऱ्याबाहेर बसले होते. कस्तुराबाई भिंत धरून, लघवीची पिशवी सावरत दारापर्यंत आली.

"आधी इचारा त्यायला, पाय बधिर हाय का," ती वैजनाथाला हळू म्हणाली. "अन् हाव म्हणले, तर या बारीला ऐका."